मनातल्या मनात

कुकरच्या शिट्टीला घाबरून घराबाहेर जाऊन उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. आत काकूंनी कुकर चढवला की इकडे गार्डसाहेब चपला शोधायला लागायचे. अंगणातल्या कडुनिंबाखाली, घराकडे पाठ करून, सगळ्या शिट्ट्या होईपर्यंत उभे. मी वरच्या खोलीतून खाली उतरले की मला हात दाखवून अडवायचे. "मॅडम, थांबा जरासं. डाळ होऊन राह्यली." मग मीही मुकाट्यानं थांबायची, कारण नाही थांबले तर ते माझ्यासाठीही घाबरायचे.

मी तेव्हा बडनेऱ्याच्या एका शाळेत नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते. मूळची अंजनगाव सुर्जीची, घरचे पानमळे. मळ्यात साप निघाला तर आमच्या घरी त्याला फक्त 'बाजूले हो' एवढंच म्हणतात. तेव्हा भित्र्या माणसांचा मला आधीपासून कंटाळा. त्यात खोली बघायला गेले तर हा उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस दारातच मला म्हणाला, "आमी ख्रिश्चन हाओ. चालते न?" म्हणताना गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली.

"मी पाण्याचं विचारायला आले," मी म्हटलं.

"पानी दिवसभर असते, बोअर हाये. पन आधी सांगतलेलं बरं."

पुढे कळलं की ते सगळ्यांनाच आधी सांगतात. सिलिंडरवाल्याला, रिक्षावाल्याला, दवाखान्यात शेजारी बसलेल्याला. कोणी विचारलेलं नसायचं. आणि बघा, सांगताना दर वेळी घाबरायचे. आवंढा गिळायचे, रुमालानं कपाळ पुसायचे आणि तरी सांगायचेच. काकू म्हणायच्या, "यायले मी म्हनते, कपाळावर लिहून घ्या न जी एकदाचं. रोजचा घाम तरी वाचन."

काय काय भ्यायचे, विचारू नका. कुत्री, वीज, पाली, इंजेक्शन, मोटारसायकलवर मागे बसणं. कुत्र्यांसाठी खिशात बिस्किटाचा पुडा असायचा, त्यामुळे गल्लीतली सगळी कुत्री त्यांच्याच मागे लागायची आणि ते अजून भ्यायचे. छताच्या पंख्यावर भरवसा नव्हता म्हणून त्यांची खाट खोलीच्या कोपऱ्यात, आणि वारा सगळा मधल्या रिकाम्या फरशीला.

नोकरी कोणती केली, तर मालगाडीच्या गार्डाची. उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं. मी काकूंना विचारलं, अशा माणसाला रेल्वेनं घेतलं कसं? काकू तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "परीक्षेत भेवाचा पेपर नव्हता."

एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. ताटं वाढली, मी घास मोडणार तेवढ्यात गार्डसाहेबांनी हात जोडले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. अशी मोठ्यानं की मी दचकलेच. खिडकी उघडी, बाहेर भाजीवाला गाडी घेऊन उभा, तोही वळून बघतोय. येशूच्या नावानं रांधणाऱ्या हाताला आशीर्वाद मागितला, वाढणाऱ्याला मागितला, ज्याच्या ताटात आज काही नाही त्याला सगळ्यात आधी दे म्हणून सांगितलं. त्यांच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, चांगली शुद्ध मराठी, आणि आवाज जसा काही फलाटाच्या दुसऱ्या टोकाला कोणाला हाक मारतायत.

माझं तोंड फटकळ. मी विचारलं, "गार्डसाहेब, मनातल्या मनात केली तर तुमच्या देवाला ऐकू येत नाही का?"

त्यांना राग आला नाही. त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाले, "धीट मानसाले मनातल्या मनात जमते, मॅडम. मी मनात जातो तं तठी आधीच भेव येऊन बसेल असते. थे मले बोलूच देत नाही. मंग मोठ्यानं बोला लागते, त्याच्या वरून."

मग सांगितलं की ही सवय गाडीवरची. सिग्नल नाही मिळाला की मालगाडी घंटे न घंटे रानात उभी. इंजीन पुढे कुठेतरी, मागे हे एकटे. चहूकडे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची वावरं आणि कोल्ह्यांची कुई. मनातल्या मनात प्रार्थना करायला जायचे आणि दातखीळ बसायची. एकदा रडकुंडीला येऊन ओरडूनच केली, तेव्हा जरा बरं वाटलं. तेव्हापासून तशीच. "आता सवय सुटत नाही, अन् भेवही सुटत नाही," ते म्हणाले आणि वांग्याची भाजी माझ्या ताटात वाढली.

कॉलनीत कोणाला याचं काही वाटायचं नाही. उलट गंमत होती. कॉलनीच्या गणपतीचा महाप्रसाद गार्डसाहेबांच्याच अंगणात शिजायचा, कारण बोअरचं पाणी त्यांच्याकडे, सावली त्यांच्याकडे आणि जागाही. आमच्याकडे अशा पंगतीला रोडगे असतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे आणि वांग्याची भाजी अन् वरणासोबत खायचे. आर पेटला की गार्डसाहेब पाण्याची बादली घेऊन बाजूला बसायचे, दिवसभर, आग लागेल म्हणून. आणि पंगत बसली की तेही पत्रावळीवर बसायचे. 'मोरया' झाला की उठून उभे राहायचे, हात जोडायचे आणि त्यांची प्रार्थना म्हणायचे. सगळी पंगत थांबायची. 'आमेन' झालं की कोणीतरी रांगेतून ओरडायचं, "झेंडी मिळाली!" आणि मग सगळे जेवायला लागायचे. गार्डानं हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, तशी ही पंगत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून माझा रोडगा खाली पडला होता. गार्डसाहेबसुद्धा हसले होते.

मग हवा बदलली. एका दिवसात नाही, हळूहळू. मोबाईलवर व्हिडिओ फिरायला लागले. कुठल्या तरी गावी घरात प्रार्थना चालू होती आणि लोक आत शिरले, कोणी कोणाला बाटवलं, कोणी कोणाला फूस लावली. खरं किती, खोटं किती, कोणी विचारत नव्हतं. बुधवारी गार्डसाहेबांकडे घरप्रार्थना असायची. येणार कोण, तर रेल्वेतून निवृत्त झालेली चार म्हातारी माणसं, गुडघ्याला पट्टे बांधलेली. पण आता लोक जाता-येता दाराबाहेरच्या चपलांकडे बघायला लागले. शाळेत एक शिक्षक मला म्हणाले, "मॅडम, तुमचे घरमालक तुम्हाला काही सांगतात का हो?"

"सांगतात न," मी म्हटलं. "टाकी भरली का मोटर बंद करा म्हणतात."

ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा जरा धसका बसला.

गणपतीच्या आधी मंडळाचा अध्यक्ष घरी आला. पलीकडच्या गल्लीत त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. तरुण पोरगा, वाईट मुळीच नव्हता. याच अंगणात गोट्या खेळून मोठा झालेला. मी तिथेच काकूंसोबत लसूण सोलत बसले होते. त्यानं चहा घेतला नाही, नुसती कपाची कड चाचपत राहिला.

"काका, सैपाक तुमच्याच अंगणात. पंगतही अठीच. फक्त ते तुमचं यंदा मनातल्या मनात करून घ्या न. देव तं मनातलंही ऐकते."

"ऐकते," गार्डसाहेब म्हणाले.

"मंग झालं तं."

"मले ऐकू येत नाही न बापू."

अध्यक्षानं कप खाली ठेवला. "काका, पोट्टे माह्यं ऐकून नाही राह्यले. महाप्रसादावर दुसऱ्या देवाचं नाव कावून घेते म्हनतात. काही कमी-जास्त झालं तं मले म्हनू नका." तो उठून गेला, आणि गार्डसाहेबांच्या हातातली बशी इतकी वाजत होती की काकूंनी ती काढून घेतली.

दोन दिवसांनी त्यांच्या चर्चमधले एक वडीलधारे आले. त्यांचं उलटंच. मूर्तीपुढचं अन्न आपण खाऊ नये, विश्वासाची साक्ष बिघडते, तुम्ही त्या पंगतीत बसूच नका. गार्डसाहेबांनी त्यांचंही ऐकून घेतलं. अन्न शेजाऱ्यांचं आहे, माझ्या अंगणात शिजलंय, आणि मी माझ्या प्रभूला सांगूनच खातो, एवढंच म्हणाले. ते गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "एक म्हनते, जेव पन तोंड उघडू नको. दुसरा म्हनते, तोंड उघड पन जेवू नको. जेवाले अन् बोलाले देवानं तोंड तं एकच देल्लं, मॅडम."

मला हसू आलं, पण त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

मग अकोल्याहून त्यांचा मुलगा आला. खरा जीव टांगणीला लागला होता तो त्याचाच. अकोल्यात एका खासगी कंपनीत नोकरी, नवा फ्लॅट, बायको, शाळेत जाणारी मुलगी. आडनाव असं की ऐकून कोणाला काही कळू नये, आणि त्यानं ते कळू दिलंही नव्हतं. काकू एकदा म्हणाल्या होत्या की बायबलच्या वचनांचं कॅलेंडर तो कपाटाच्या दाराला आतून लावतो. त्या दिवशी मी जिन्यात होते आणि खाली बापलेकांचं चाललं होतं. मुद्दाम ऐकलं नाही, पण कान काही बंद करता येत नाहीत.

"पप्पा, तुमचं अठी निभून जाईल. माझं काय? तुमचा व्हिडिओ निघाला तं अकोल्याले पोचाले वेळ नाही लागत. सोसायटीत कोणाले माहीत नाही आम्ही कोण आहो. ऑफिसात नाही. पोरीच्या शाळेत नाही. मी काही सोडलं नाही पप्पा, मी रोज करतो. पन मनात करतो. तुमाले काय होते मनात कराले?"

मग गार्डसाहेब म्हणाले, "तुले जमते, बाप्पा. तू धीट हायेस."

"टोमणे मारू नका."

"टोमना नाही रे. खरंच म्हनतो."

आणि ते खरंच म्हणत होते, हे मला वर उभ्या उभ्या कळलं. मुलाला कळलं नाही. तो न जेवता संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. काकूंनी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच गायीला घातलं.

महाप्रसादाच्या दिवशी सकाळपासून गार्डसाहेबांचं पोट बिघडलं. भीतीनं, दुसरं काय. संडासात जायचे, यायचे, बादलीजवळ बसायचे, परत जायचे. अंगणात गोवऱ्यांचा धूर, बाया कणीक मळतायत, पोरं सतरंज्या टाकतायत, आणि कोणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं. कडुनिंबाला यंदा मोठे स्पीकर बांधले होते, बरोबर त्यांच्या बसायच्या जागेच्या वर. मी काकूंना म्हटलं, यांना घरात ठेवा. काकू म्हणाल्याही, "नका जाऊ जी. मी ताट आत आनते."

ते पांढऱ्या शर्टाची बटणं लावतच होते. "आज नाही गेलो तं थे भेव घरातच राहाले येईल," ते म्हणाले. "मंग मी कुठी जाऊन उभा राहू?"

पंगत बसली. पत्रावळीवर रोडगे पडले, भाजी पडली, वरण आलं. 'मोरया' झाला आणि त्याच क्षणी स्पीकर सुरू झाले. असा आवाज की पत्रावळीतलं वरण हलत होतं. गार्डसाहेब उठून उभे राहिले, हात जोडले आणि थांबले. ते प्रार्थना करत नव्हते. ते गाणं संपायची वाट बघत होते. सिग्नलला उभं राहणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. गाणं संपलं आणि लागलीच दुसरं लागलं. दोन पोरं मोबाईल वर धरून त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. ते उभेच.

काही जणांनी जेवायला सुरुवात केली. काहींनी घास मोडला आणि हातातच ठेवला. माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, "काय करावं वं आता?" मला तरी काय ठाऊक. माझे हात गार पडले होते, आणि रागानं की भीतीनं ते मला आजही सांगता येणार नाही. अंजनगावच्या सापाचं सोपं असतं. तो बाजूला होतो.

तिसरं गाणं लागलं तेव्हा अध्यक्षाची आई वरणाची बादली घेऊन आमच्या रांगेत आली होती. जाडजूड म्हातारी, सगळ्या कॉलनीला तिचा धाक. तिनं बादली खाली ठेवली आणि लेकाकडे गेली.

"बंद कर थे."

"आई, तू मधात नको पडू."

"मी कुठी पडून राह्यली? पान वाढेल हाये अन् मानूस उभा हाये, दिसत नाही का तुले? भरल्या पानावरून मानूस उपाशी गेला तं थे पाप कोनाच्या घरी येते? तुह्या लेकरायच्या ताटात पडन थे."

तिला प्रार्थनेचं काही नव्हतं, येशूचं तर अजिबात नव्हतं. पानाचं होतं. भरल्या पानावरून कोणाला उठवू नये, हे तिच्या आईनं तिला शिकवलं असेल आणि त्यापुढे अध्यक्ष-बिध्यक्ष काही चालत नाही. तो गेला आणि त्यानं बटण बंद केलं.

एकदम शांत झालं. आर तडतडतोय, कुठे लेकरू रडतंय, आणि शेकडो डोळे एका माणसावर. आता गार्डसाहेबांचा आवाजच निघेना. ओठ हलतायत, घाटी वर-खाली होतेय, पण काही नाही. पोरं मोबाईल धरून वाट बघतायत. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, काहीतरी म्हणा आणि बसा, नाहीतर काही न म्हणता बसा.

"प्रभू येशू," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "मले लय भेव लागून राह्यलं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. एरवी त्यांची प्रार्थना देवळातल्या मराठीत असायची. त्या दिवशी ती कुठे गेली कोण जाणे.

"या पोरायलेही लागून राह्यलं. कायचं थे त्यायले ठाऊक नाही, मलेही ठाऊक नाही. तुले ठाऊक असन. आमा दोघायचंही भेव काढ. माह्या पोराचं काढ, तो दूर हाये. हे अन्न चांगलं हाये. भाजी यंदा तिखट झाली, लहान लेकरायकडे पाह्य. तुह्याच नावानं मांगतो. आमेन."

आणि ते खाली बसले. 'झेंडी मिळाली' असं कोणी ओरडलं नाही. मी वाट बघितली. म्हाताऱ्या माणसांपैकी तरी कोणी म्हणेल वाटलं. कोणी नाही. सगळे खाली मान घालून जेवले. गार्डसाहेबांनी पानावरचं सगळं संपवलं, कण ठेवला नाही, आणि घरात जाऊन पुन्हा संडासात गेले.

व्हिडिओ निघालाच. पुढच्या वर्षी महाप्रसाद शाळेच्या मैदानावर शिजला. गार्डसाहेबांना कोणी या म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही. अध्यक्षाच्या आईनं तेवढं पदराखाली झाकून वरण आणून दिलं आणि "गरम हाये तवरच खा" म्हणून निघून गेली. बुधवारच्या चपला कमी होत होत फक्त घरच्या उरल्या. रस्त्यानं जाणारी पोट्टी मुद्दाम 'आमेन' ओरडायची, आणि हे गृहस्थ खिडकीतून गंभीरपणे 'आमेन' म्हणून उत्तर द्यायचे. एका दुपारी टिनाच्या छपरावर दगड पडला. गार्डसाहेब उठले, चपला घातल्या आणि कुकर लावल्यावर जायचे तसे कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. मी गॅलरीतून ओरडले, आत या म्हणून. त्यांनी मला हात दाखवला. थांबा जरासं.

बडनेरा त्यांनी भीतीमुळे सोडलं असं अजूनही काही जण सांगतात. ते खोटं आहे. काकू न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि मुलगा दोघांना अकोल्याला घेऊन गेला. योगायोगानं लग्नानंतर मीही अकोल्यातच आले. घर लागल्यावर एका रविवारी त्यांना भेटायला गेले.

फ्लॅट छान होता. लिफ्ट होती, म्हणजे गार्डसाहेब जिन्यानं चढत-उतरत असणार. पण माणूस आणखीच वाळला होता. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. खाटेवरून काकूंनी हळूच सांगितलं की जेवतच नाहीत, दोन घास खातात आणि उठतात.

मुलगाच मला म्हणाला, बापासमोरच. बहुतेक त्याला कोणालातरी सांगायचं होतं. ऑफिसात एकानं त्याला तो व्हिडिओ दाखवला होता. हा म्हातारा बघ काय म्हणतो, म्हणून. "मी हसलो, मॅडम. त्याच्यासंगं हसलो. माह्या पोराचं काढ म्हणत होते, तवाही हसलो."

"बरं केलं," गार्डसाहेब म्हणाले. "दुसरं काय करशीन मंग."

"पप्पा, अठी तुम्ही मोठ्यानं नाही करत, ते माह्यासाठी. मले माहीत आहे."

"घर तुह्यं हाये. दुसऱ्याच्या सेक्शनमधी आपन आपली झेंडी दाखवू नये." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "करतो मी मनात. पन मनात गेलो का तठीच अडकून राह्यतो, मॅडम. वापस यायले लय वेळ लागते. तवर भूक मरते."

सुनेनं ताटं वाढली. उकाडा म्हणून दार उघडं होतं. आम्ही बसलो, गार्डसाहेबांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि तेवढ्यात दारात सोसायटीचे सेक्रेटरी आणि दुसरे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पाण्याच्या टाकीचं काहीतरी बोलायचं होतं. "जेवण चाललं का? होऊ द्या, होऊ द्या," म्हणाले आणि तिथेच थांबले.

कोणी घास घेईना. सेक्रेटरी बघतायत, हे कशाला थांबलेत. सून दाराकडे बघतेय, उठून लोटावं की काय. गार्डसाहेबांचे डोळे मिटलेले, ओठ घट्ट, आणि गळ्याची घाटी नुसती वर-खाली, वर-खाली. मुलगा बापाच्या गळ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या कपाळावर घाम आला, त्यानं रुमाल काढला आणि पुसला, आणि मग त्याचीही घाटी तशीच वर गेली आणि खाली आली.

"प्रभू येशू," मुलगा म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. खालच्या मजल्यावर जावं इतक्या मोठ्यानं. "या अन्नासाठी तुझे उपकार मानतो." त्यापुढे त्याला काही आठवेना. घाबरल्यावर कोणाला आठवतं? सेक्रेटरींनी शेजारच्या गृहस्थांकडे पाहिलं. मुलानं जोडलेले हात काढले नाहीत. "माझ्या पप्पांना जेवू दे," तो म्हणाला. "आमेन."

स्वयंपाकघरात कुकरनं शिट्टी दिली. मी सवयीनं गार्डसाहेबांच्या चपलांकडे पाहिलं. ते हलले नाहीत. त्यांनी डोळे उघडले, दारातल्या दोघांकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि पोळीचा मोठा घास मोडला.

"चला," ते म्हणाले. "झेंडी मिळाली."